आधी परतायची वेळ ठरवा, मग जागा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. साडेचार वर्षांची मुलगी, दीड वर्षाचा मुलगा, घरी सासूबाई, मिस्टरांना सुट्टी फक्त रविवारची, राहायला जुळे सोलापूर आणि वाहन एक स्कूटर. गेल्या रविवारी सकाळी अकराला निघालात. सिद्धेश्वराचं दर्शन, मग किल्ला, मग हॉटेलात जेवण आणि येताना नवी पेठेत खरेदी. किल्ल्यात धाकटा रडायला लागला तो हॉटेलातही थांबेना. मोठीनं खेळण्यासाठी रस्त्यावर बसकण मारली. घरी आल्यावर मिस्टर म्हणाले, "पोरं मोठी होईपर्यंत आता कुठंच जायचं नाही." तुम्ही विचारलंय, सोलापुरात लहान मुलांना नेण्यासारख्या जागा कोणत्या, का खरंच दोन वर्षं घरीच बसावं? शिवाय जानेवारीत सासूबाईंना नातवंडांसह गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, जायचंय, त्याचीही धास्ती आहे.

मी सोलापुरात सव्वीस वर्षं बालवाडी चालवते. अडीच ते सहा वर्षांची मुलं. वर्षाला चार-पाच सहली होतात. माझी दोन मुलं वाढवून झाली, आता नात हाताशी आहे. घरी बसू नका, हे पहिल्यांदा सांगते. साडेचार वर्षांच्या मुलीची दोन वर्षं म्हणजे तिच्या आजवरच्या आयुष्याचा जवळजवळ निम्मा भाग होतो. पण नुसती जागांची नावं देऊन तुमचा रविवार सुधारणार नाही. तुम्ही गेलात त्या दोन्ही जागा गावातल्या उत्तम जागा आहेत. चुकली ती वेळ, आणि एका दिवसात कोंबलेली चार कामं.

तुमचा रविवार धाकट्याच्या बाजूनं बघा. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप लागते, तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास. दीड वर्षाचं मूल बहुधा दुपारी एकदाच झोपतं, साडेबारा-एकच्या सुमाराला. तुम्ही घरातून निघालात तेव्हाच त्याची झोप तासा-दीड तासावर आली होती. दर्शनाच्या रांगेत तो कडेवर होता, किल्ल्यात पोचलात तेव्हा ऊन डोक्यावर होतं आणि पोट रिकामं. तो किल्ल्याला कंटाळून रडला नाही, झोपेसाठी रडला. मोठीचंही तेच. नवी पेठेत बसकण मारली ती खेळण्यासाठी असं आपल्याला दिसतं, पण तीच मुलगी तेच खेळणं सकाळी नऊला बघून पुढं गेली असती, असं मला वाटतं. दमलेल्या मुलाला 'नाही' हा शब्द पेलत नाही.

हे मी शहाणपणानं नाही, चूक करून शिकले. बालवाडी सुरू केल्यावर तिसऱ्या वर्षी आम्ही मार्चमध्ये सहल काढली. बत्तीस मुलं, एक बस, आणि पालकांना पैसे वसूल झाल्यासारखे वाटावेत म्हणून तीन ठिकाणं. दुपारी दीड वाजता तिसऱ्या ठिकाणी पोचलो तेव्हा निम्मी मुलं चिंचेखाली सतरंजीवर आडवी झाली होती. एका मुलीला उलट्या सुरू झाल्या, ओठ कोरडे पडले, ती माझ्याकडे नुसती बघत राहिली, रडतही नव्हती. दवाखान्यात नेलं, संध्याकाळपर्यंत ती बरी झाली. पण तिची ती नजर अजून आठवते. त्या दिवसापासून आमचा नियम ठरला: सहलीचं ठिकाण एकच, आणि कागदावर पहिल्यांदा लिहायची ती परत यायची वेळ.

म्हणजे हिशेब उलटा करायचा. धाकटा साडेबाराला झोपतो ना? मग बाराला त्याचं जेवण होऊन हातपाय धुतलेले हवेत. म्हणजे साडेअकराला घरात. म्हणजे अकराला जागा सोडायची. दीड वर्षाच्या मुलाचं एका ठिकाणी दीड तास मन रमलं तर पुष्कळ झालं. तेव्हा साडेनऊला तिथं आणि नऊला घराबाहेर. तुम्ही निघालात त्या अकराला खरं तर परतीला लागायला हवं होतं. मुलं आनंदात असतानाच निघायचं, ही यातली सगळ्यात अवघड गोष्ट. आपल्याला वाटतं, आत्ता कुठं रमलीत, अजून अर्धा तास बसू. तोच अर्धा तास महागात पडतो.

आता हे सगळ्यांना एकसारखं लागू नाही. काही मुलं दीड वर्षाची झाली तरी सकाळी दहाला आणि दुपारी तीनला अशी दोनदा झोपतात. तुमचा तसा असेल तर सकाळचा नाद सोडा, त्याची दुसरी झोप झाल्यावर चारनंतर निघा. अंगावर पीत असेल तर निवांत आडोसा मिळेल अशीच जागा निवडा. एखादं मूल स्वभावानंच नव्या जागेत अर्धा तास आईला चिकटून राहतं. त्याला ओढून पुढं ढकलायचं नाही, बसू द्यायचं. पण मूल दरवेळी, सगळीकडे, आवाज झाला की कान झाकून घाबरंघुबरं होत असेल, तर ते हट्टावर न घालवता एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

आणि ऋतू. आपल्याकडे मार्चअखेरपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत पारा चाळिशीच्या वर जातो. त्या दिवसांत सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा मुलांना बाहेर काढायचंच नाही, असं मी पालकांना स्पष्ट सांगते. एप्रिलमध्ये संध्याकाळी पाच वाजता मी बागेतल्या लोखंडी घसरगुंडीला हात लावून बघितला आणि झटकन मागं घेतला. त्यावर फ्रॉक घातलेली मुलगी बसली असती तर मांड्या भाजल्या असत्या. आधी आपला तळहात ठेवायचा, मग मूल. उन्हाळ्यात पिशवीत ओआरएसचं पाकीट असू द्या, पण ते पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवायचं. मोठं पाकीट एक लिटरचं असतं, अर्धं पाकीट अंदाजानं ग्लासात टाकायचं नाही. मूल मलूल पडलं, पाच-सहा तास लघवीच केली नाही, तर घरगुती उपायात वेळ घालवू नका.

आता जागा. त्याच दोन जागा पुन्हा सांगते, पण वेगवेगळ्या रविवारी. सिद्धेश्वराला सकाळी साडेसात-आठला जा. तळ्यावर ऊन कोवळं असतं, गर्दी नसते. दर्शन पाच मिनिटांचं, बाकी वेळ तळं बघण्याचा. चारी बाजूंनी पाणी आणि मधे देऊळ, हे मुलांना काहीतरी अद्भुत वाटतं. फक्त तिथं धाकट्याचा हात सोडायचा नाही, पाण्याजवळ एका मुलामागं एक मोठं माणूस हवंच.

भुईकोट किल्ल्यात तुम्ही मुलांना काय दाखवलंत, मला माहीत नाही. पण बहुतेक पालक बुरूज दाखवतात, इतिहास सांगतात आणि मूल भलतीकडेच बघतं म्हणून चिडतात. आमच्या एका सहलीत चार वर्षांचा एक मुलगा तटाच्या सावलीत उकिडवा बसला होता. समोर मुंग्यांची रांग. एका मुंगीनं चुरमुऱ्याचा तुकडा उचलला होता, तिच्यापेक्षा तिप्पट मोठा. तो फटीपाशी अडकला, ती मागं आली, बाजूनं वळली, पुन्हा अडकली. पोरगा श्वास रोखून बघत होता. आमच्या मदतनीस ताई त्याला उठवायला निघाल्या, मी त्यांना थांबवलं. पंचवीस मिनिटं तो तिथंच होता. महिन्याभरानं त्याची आई भेटली, म्हणाली, "रोज विचारतो, मुंगीनं घरी नेला असेल का?" बहामनी काळातला किल्ला त्याला दहाव्या वर्षी समजेल. चौथ्या वर्षी त्याला किल्ल्यात मुंगी सापडली, ती सहल पुरी झाली.

म्हणून एका फेरीत मुलाला करायला एक गोष्ट द्या. पायऱ्या चढायच्या, गोल दगड गोळा करायचे, खारी मोजायच्या. धर्मवीर संभाजी तलावावर, ज्याला आपण कंबर तलाव म्हणतो, तिथं थंडीत पक्षी बघायला सकाळी जा. नावं माहीत नसली तरी चालतं. कोण पोहतंय, कोण एका पायावर उभं आहे, एवढं पुरतं. विजापूर रोडवर असल्यानं तुम्हाला जुळे सोलापुरातून जवळही पडेल.

जवळजवळ पैसे न लागणारी, आणि माझ्या सगळ्यात आवडीची सहल म्हणजे रेल्वे स्टेशन. दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट दोन तास चालतं. बाकड्यावर बसायचं, पिवळ्या पट्टीपासून लांब, आणि एक गाडी येताना व एक गाडी सुटताना बघायची. मालगाडी आली तर डबे मोजायचे. मोठीला आकडे शिकवायचे असतील तर पाटीपेक्षा मालगाडी बरी.

एक आणखी. ओळखीत कुणाकडे चादरी विणायचा माग असेल, आणि सोलापुरात ओळखीत कुणाकडे माग नसतो असं घर विरळाच, तर विचारून दहा मिनिटं जाऊन या. अशोक चौकाच्या बाजूला आमच्या एका पालकांकडे आम्ही पाच-पाच मुलांचे गट नेत असू. पहिल्यांदा खटखटाटानं मुलं दारातच थबकतात. मग बाहेरूनच धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारा तुकडा, इकडून तिकडे पळताना दिसतो आणि चादरीवर मोराची शेपटी ओळीओळीनं वर यायला लागते. एका मुलीनं घरी जाऊन आपल्या पांघरुणाची चादर उलटी करून बघितली, मागचा मोर वेगळ्या रंगाचा का, म्हणून. आपल्या गावाच्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, हे मुलांना नंतर कधीही कळेल. दीड वर्षाच्या मुलाला मात्र आत नेऊ नका, आवाज फार असतो आणि फिरती यंत्रं हाताच्या उंचीवर असतात.

लांबच्या जागा सध्या कमी करा. अक्कलकोट आणि तुळजापूर दोन्ही चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. सकाळी लवकर निघून दुपारच्या जेवणाआधी परतता येतं, पण मंगळवार, गुरुवार, पौर्णिमा असे गर्दीचे दिवस टाळून. नळदुर्गचा किल्ला पावसाळ्यात फार देखणा असतो. बोरी नदीवरच्या बांधाच्या पोटात पाणीमहाल आहे आणि सांडव्यावरून पाणी कोसळतं ते नर-मादी धबधबे. पण तिथं चालणं खूप आणि कठडे बेभरवशाचे, धाकटा चार वर्षांचा होईपर्यंत थांबा. नान्नजच्या माळावर माळढोक पक्षी दिसेल अशी आशा मुलांना लावू नका, तो आता अतिशय दुर्मीळ झाला आहे. काळवीट मात्र पहाटे गेलात तर दिसण्याची चांगली शक्यता असते, आणि पळणारा कळप बघून मुलं टाळ्या पिटतात. एसटीत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, पण मांडीवर तास-दीड तास दोन मुलं घेऊन बसायची तयारी ठेवा. खिडकीची जागा मोठीला.

स्कूटरबद्दल कडकपणे बोलते, रागावू नका. चौघं एका स्कूटरवर, धाकटा पुढं उभा, हे मी रोज बघते. २०२२ मध्ये केंद्र सरकारनं नियम केला आहे: नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना त्याच्या मापाचं हेल्मेट, चालवणाऱ्याला बांधलेला पट्टा, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. पुढं उभं असलेलं मूल जोराचा ब्रेक लागला की थेट हँडलवर जातं. शिवाय वाऱ्यानं पेंगतं, आणि पेंगलेलं मूल एका हातानं धरणं तुमच्या खांद्यालाही जड. जाताना-येताना रिक्षा करा. हॉटेलच्या एका जेवणाचे पैसे वाचवलेत तर तेवढ्यात रिक्षा बसते.

कारण हॉटेल नकोच. डबा न्या. आपल्याकडचे धपाटे यासाठीच जन्मलेत. आदल्या रात्री केले तरी दुसऱ्या दिवशी मऊ राहतात, तुकडे मुलाच्या हातात देता येतात, सांडत नाहीत. सोबत दही असेल तर थंडीतच. धाकट्यासाठी तिखट न घालता दोन वेगळे लाटा. केळी, राजगिऱ्याचा लाडू, चुरमुरे. शेंगदाणे आणि फुटाणे मात्र अख्खे देऊ नका. चार-पाच वर्षांपर्यंत मुलांना ते नीट चावता येत नाहीत, आणि हसता-पळताना दाणा श्वासनळीत गेला तर जिवावर बेततं. शेंगाचटणी कुटलेली असते, ती भाकरीला लावून द्या. डिसेंबरात शेतावर हुरड्याला बोलावणं येईल, तिथंही हाच नियम: धाकट्याला हुरडा चुरून, मऊ करून, बसवून खाऊ घालायचा. हुरडा भाजायच्या आगटीजवळ त्याला एकटं फिरकू द्यायचं नाही, राख वरून विझलेली दिसते, आत निखारा असतो.

आता तुम्ही प्रश्नात ओझरतं लिहिलंय, पण मला ते महत्त्वाचं वाटलं: "निघायच्या आधीच मी दमलेली असते." डबा तुम्ही, पिशवी तुम्ही, दोघांची अंघोळ तुम्ही, आणि मिस्टर गाडीची किल्ली घेऊन दारात. हे बदला, भांडून नाही, कामं नावावर लावून. पिशवी मिस्टरांच्या नावावर करा. पाण्याच्या दोन बाटल्या, दोन जादा चड्ड्या, एक जुना टॉवेल, ओले रुमाल, प्लास्टिकची पिशवी, टोपी. शनिवारी रात्री त्यांनी भरायची आणि दाराशी ठेवायची. विसरलं काही तर विसरलं, पुढच्या वेळी ते विसरणार नाहीत. आणि बाहेर गेल्यावर मूल वाटून घ्या: पहिला तास धाकटा बाबांकडे, मोठी तुमच्याकडे. धाकटा आल्यापासून मोठीला तुम्ही एकटी कधी मिळालात? हा तास तिला मिळाला की रस्त्यावरची बसकण पुष्कळ कमी होईल, हे मी शंभर घरांत बघितलंय.

तरी ती बसलीच, तर? निघायच्या आधी घरातच सांगून ठेवा: "आज आपण पक्षी बघायला चाललोय, काही विकत घ्यायचं नाही." आणि मग खरंच घेऊ नका, त्याच फेरीत स्वतःची खरेदीही करू नका. तिला नाही म्हणून आपण साडीच्या दुकानात शिरलो तर तिनं का ऐकावं? बसली तर शेजारी उकिडवं बसा, "तुला हवं होतं, मिळालं नाही, वाईट वाटलं," एवढंच म्हणा आणि थांबा. लोक बघतात, बघू द्या. समजावणीचं लांबलचक भाषण त्या क्षणी तिच्या कानात शिरत नाही.

राहिला गड्डा. सासूबाईंची इच्छा मोडू नका. सोलापूरच्या पोरानं यात्रेच्या मिरवणुकीतले उंच नंदीध्वज बघायलाच हवेत. पण अक्षता सोहळ्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक विवाहाच्या, दिवशी तो जिथं होतो त्या संमती कट्ट्याजवळच्या गर्दीत दीड वर्षाचं मूल नेऊ नका. मिरवणुकीच्या वाटेवर कुणा नातेवाइकाचं घर, ओटा, गच्ची असेल तर आधीच जाऊन बसा. सातही नंदीध्वज तिथून नीट दिसतात आणि सासूबाईंना टेकायला जागा मिळते. होम मैदानावरच्या शोभेच्या दारूकामाला धाकटा घाबरेल, ते लांबून दाखवा. पाळणे आणि खेळण्यांची दुकानं यात्रेचे मुख्य दिवस सरले तरी पुढं बरेच दिवस असतात. तेव्हा आठवड्यातल्या मधल्या एखाद्या दिवशी, दुपारी चारला जा आणि सहाला, दिवे लागून गर्दी वाढायच्या आत, बाहेर पडा. त्या एका दिवशी मोठीला एक वस्तू घेऊ द्या, किंमत आधी ठरवून, निवड तिची.

गर्दीत जाताना दोन्ही मुलांच्या दंडावर बॉलपेननं तुमचा मोबाइल नंबर लिहा. निघताना त्यांचा फोटो काढा, म्हणजे त्या दिवशी अंगावर कुठले कपडे होते ते सांगता येतं. मोठीला शिकवा: हरवलीस तर शोधत पळायचं नाही, आहेस तिथंच थांबायचं आणि पोलीसकाकांना किंवा कडेवर बाळ असलेल्या बाईंना सांगायचं. घरी खेळ म्हणून दोनदा करून घ्या. चुकामूक झालीच तर वाट न बघता पोलिसांचा ११२ किंवा मुलांच्या मदतीचा १०९८ नंबर लावा, आणि मैदानावरच्या पोलीस मदत केंद्रात जा.

मिस्टरांचं 'कुठंच जायचं नाही' हे त्यांच्या थकव्याचं बोलणं आहे, ते मनावर घेऊ नका आणि त्यावर वादही नको. येत्या रविवारी त्यांना फक्त दोन तास मागा. साडेसातला कंबर तलाव, साडेनऊला घरी. डब्यात चार धपाटे, पिशवी त्यांनी भरलेली, खरेदी काही नाही. सासूबाईंनाही न्या, पक्ष्यांची कानडी-मराठी नावं त्यांनाच जास्त माहीत असतील. धाकटा साडेबाराला नेहमीसारखा झोपला की मिस्टरांनाही त्याच्याशेजारी आडवं होऊ द्या. झाल्यावर इथं लिहा, मोठीनं किती पक्षी मोजले ते मला कळवा.